डोमकळीमागचं पाखरू

ऑगस्टमधली सकाळ होती. रात्रभर कोसळून पाऊस नुकताच उघडला होता आणि वावरातली काळी माती चपला सोडायला तयार नव्हती. बाबांनी कामगंध सापळ्याच्या, म्हणजे गंधानं पाखरं ओढून घेणाऱ्या सापळ्याच्या, लांबट पिशवीची गाठ खालून सोडली, ती वर्तमानपत्राच्या पानावर झटकली आणि पान माझ्यापुढे धरलं. पाच-सहा करडे तुकडे पडले होते. त्यातला एक अजून फडफडत होता.

"हे?" बाबा म्हणाले. "एवढंसं?"

बाबांनी चाळीस वर्षं कपाशी केली आहे. गुलाबी बोंडअळी त्यांना कुणी शिकवायला नको. फूल उमलायच्या ऐवजी पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलं, की ती डोमकळी. आत अळी आहे, हे ते चालता चालता लांबून सांगतात. पण ही अळी ज्यातून येते ते पाखरू त्यांनी त्या सकाळपर्यंत ओळखून पाहिलेलं नव्हतं. रात्री अंगणातल्या दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या शेकडो किड्यांत ते त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलंही असेल. पण त्याला नाव नव्हतं, म्हणून ते दिसलं नव्हतं.

मी प्राणिशास्त्र शिकले, तरी माझीही गत फार वेगळी नव्हती. पुस्तकातल्या चित्रात ते तळहाताएवढं छापलेलं पाहिलं होतं. प्रत्यक्षात पंख पूर्ण पसरले तर टोकापासून टोकापर्यंत दीड ते दोन सेंटिमीटर भरतात. पंख मिटून बसलं की ज्वारीच्या कणसाचं एखादं तूस वाऱ्यानं उडून आलं आहे असंच वाटावं.

२०१७ नंतर आमच्याकडे या अळीची ओळख नसलेलं घर उरलं नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, सगळी शेती पावसावरची. त्या वर्षी दसऱ्यानंतर सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, करून वेचणी सुरू झाली तेव्हा पहिला कापूस पांढराशुभ्र आला. बाबा खूश होते. दुसऱ्या वेचणीला बाया वावरात शिरल्या आणि तासाभरात त्यातली एक धुऱ्यावर येऊन म्हणाली, "काका, बोंडं फुटूनच नाई राह्यले." बोंडं झाडाला भरपूर होती, हिरवी, टणक, बाहेरून निकोप. बाबांनी एक तोडून दगडावर फोडलं. आत चारही कप्पे कुजट पिवळे, सरकी पोखरलेली आणि मधोमध ती, गुलाबी पट्ट्यांची, सेंटिमीटरभर लांब. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. मग बाबांनी फोडणं थांबवलं आणि बोंडांकडे पाठ करून बराच वेळ उभे राहिले. जो कापूस निघाला तो कवडी निघाला, म्हणजे पाकळी नीट न उमललेला, डागाळलेला, वेचणीच्या मजुरीलाही न पुरणारा.

बोंड बाहेरून निकोप दिसतं याचं कारण अगदी साधं आहे. मादी अंडी घालते ती बहुधा बोंडाच्या देठाशी, पाकळीच्या हिरव्या घेराखाली, जिथं सहसा कुणी बघत नाही. अंडं जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब. त्यातून निघालेली अळी पांढुरकी, केसाच्या जाडीची, काळसर डोक्याची असते. ती काही तासांतच बोंडात शिरते आणि शिरलेलं भोक बोंड वाढता वाढता बुजून जातं. पुढचे दहा-पंधरा दिवस ती आत सरकी खात राहते. फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. गुलाबी रंग येतो तो वाढीच्या शेवटच्या टप्प्यात. आपण ज्या रंगावरून तिला नाव दिलं तो रंग तिच्या आयुष्याच्या शेवटच्या थोड्या दिवसांचा आहे, आणि तो आपल्याला दिसतो तेव्हा तिचं काम उरकलेलं असतं.

त्याच पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. कपाशीच्या उंच वाढलेल्या पऱ्हाटीत पाठीवर पंप घेऊन, डोक्याच्या वर नळी धरून, अंगावर औषध झेलत फिरलेली माणसं. प्रत्येक फवारा याच अळीसाठी होता असं नाही. पण आपण कुठल्या जिवावर, त्याच्या आयुष्याच्या कुठल्या टप्प्यावर, काय फवारतो आहोत, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हापासून रुतून बसला. पाखराची ओळख करून घ्यायची ठरवली ती त्यामुळं.

सापळ्यातली पाखरं ओळखायला वाईट असतात. रात्रभर एकमेकांवर आपटून त्यांच्या पंखांवरची पूड गेलेली असते. ही पूड म्हणजे खवले. पतंग आणि फुलपाखरं यांच्या अख्ख्या गणाचं नाव, लेपिडोप्टेरा, याच खवल्यांवरून पडलं आहे. रंग, ठिपके, पट्टे सगळं त्या खवल्यांत असतं. ते झडले की उरतो एक पारदर्शक पापुद्रा, आणि असे पापुद्रे सगळ्यांचे सारखे. म्हणून मी ताजं पाखरू मिळवायचं ठरवलं. किडकी बोंडं आणून लोणच्याच्या काचेच्या बरणीत ठेवली, तळाला थोडी कोरडी माती आणि कागदाच्या घड्या टाकल्या, तोंडाला आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला. आठवड्याभरात अळ्या गोल भोकं पाडून बाहेर आल्या आणि घड्यांमध्ये शिरून कोषात गेल्या. त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला बरणीच्या भिंतीवर दोन पतंग बसलेले होते.

वीसपट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याशी लावलं आणि मी करडा म्हणून ज्याची बोळवण केली होती तो रंग करडा नव्हताच. पुढच्या पंखांचा मूळ रंग पिवळट तपकिरी, वाळलेल्या कडब्यासारखा. त्यावर काळपट तपकिरी डाग, कडा अनिश्चित, शाईचा थेंब ओल्या कागदावर पसरावा तसे. टोकाजवळ एक गडद आडवा पट्टा. पुढचे पंख अरुंद आणि लांबुडके. त्यांच्याखाली लपलेले मागचे पंख मात्र वेगळ्याच धातूचे वाटतात, चंदेरी, कसलाही डाग नसलेले, पुढच्यापेक्षा रुंद. आणि त्यांना झालर आहे, रेशमी, पंखाच्या मानानं खूप लांब. मागच्या पंखाचा आकार चौकोन एका बाजूनं ओढून तिरपा केल्यासारखा, टोक बाहेर काढलेलं आणि टोकाखालची कड किंचित आत वळलेली.

तोंडाकडे पाहिलं तर दोन शिंगं. तोंडापासून निघून कपाळापुढून वर वळलेली, टोकदार. शिंगं नव्हेत, ती लेबियल पाल्प, वास घेण्याच्या कामाची स्पर्शकं. मधल्या पेरावर खवल्यांचा झुपका असतो. त्यामुळं समोरून हा एवढासा जीव मान ताठ करून उभ्या असलेल्या गोऱ्ह्यासारखा दिसतो.

आणखी एक गोष्ट मला पाहायची होती, फणी. तिच्याबद्दल पुढं सांगते. त्या दिवशी काही ती दिसली नाही, पाखरू सारखं हलत होतं.

एका घोळाची फोड इथंच करायला हवी, कारण गावात बोलताना तो सतत आडवा येतो. आपण बोंडअळ्या तीन मानतो. अमेरिकन बोंडअळी, ठिपक्यांची बोंडअळी आणि गुलाबी बोंडअळी. एकाच आडनावाच्या तीन बहिणी असाव्यात तसं आपण बोलतो. पण ते आडनाव आपण नुकसानावरून दिलेलं आहे. बोंड खाते ती बोंडअळी. पाखरं समोर ठेवली तर तिघींची कुळं वेगळी निघतात. अमेरिकन म्हणतात ती हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, नॉक्टुइडी कुळातली, दणकट अंगाची, पंख पसरले तर साडेतीन-चार सेंटिमीटर भरणारी. नाव अमेरिकन असलं तरी तिचं मूळ घर आशिया, आफ्रिका, युरोप, ऑस्ट्रेलिया या जुन्या जगात आहे. हे नाव फसवं आहे आणि ते आपण सोडून द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं. ठिपक्यांची अळी म्हणजे इअरियस, नोलिडी कुळातली. तिचं पाखरू तिघांत सर्वांत देखणं, मोतिया पंखावर मधोमध हिरवी पाचर ठोकल्यासारखा पट्टा. आणि गुलाबी अळीचं हे तुसाएवढं पाखरू गेलेकिइडी कुळातलं. या कुळात साडेचार हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत, बहुतेक सगळ्या अशाच लहान, तपकिरी, झालरीच्या पंखांच्या आणि वर वळलेल्या शिंगांच्या.

कुळं वेगळी आहेत हे कळून शेतकऱ्याला काय उपयोग, असं मला एकदा बाबांच्या मित्रानं विचारलं. प्रश्न रास्त होता. हेलिकोव्हर्पा तुरीवर जाते, हरभऱ्यावर जाते, टोमॅटोवर जाते, शेकडो झाडांवर जगते. गुलाबी अळी जवळजवळ पूर्णपणे कपाशीला बांधलेली, फार तर भेंडी-अंबाडीच्या गोतावळ्यातली झाडं. बीटी कपाशी म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार व्हावं म्हणून बाहेरचं जनुक घातलेली कपाशी. ती खाऊन हेलिकोव्हर्पाच्या ज्या थोड्या अळ्या तगतात त्यांची पाखरं तुरी-हरभऱ्यावर वाढलेल्या, विषाला न सरावलेल्या पाखरांशी जुळतात आणि विष पचवण्याची ताकद पुढच्या पिढीत पातळ होत जाते. गुलाबी अळीला असं दुसरं माहेर नाही. गावभर बीटी असेल तर तगलेली पाखरं तगलेल्यांशीच जुळणार. भारतात बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली, दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये आलं. पहिल्या जनुकाला गुलाबी अळी दाद देत नाही हे २०१० मध्ये गुजरातेतून जाहीर झालं आणि पुढच्या काही वर्षांत दुसऱ्यालाही ती सरावली.

बियाण्याच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची एक छोटी पुडी यायची, बिगरबीटी बियाण्याची. ती कडेनं लावायची असायची, म्हणजे न सरावलेली पाखरं तयार व्हावीत. आमच्या घरी ती पुडी कोठ्यात पडून राहायची, कधी म्हशीच्या ढेपेत जायची. ती कशासाठी आहे हे कुणी बाबांना पाखरू दाखवून, जोडा कसा जमतो हे समजावून सांगितलं असतं तर त्यांनी ती लावली असती. मला याची खात्री आहे. ते ऐकणारे आहेत.

नावाची गोष्ट मला फार आवडते, कारण ती आपल्या शेजारच्या मुलखात सुरू होते. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातेत भडोचला सरकारी कापूस लागवड होती. तिथं या किड्यानं नुकसान केलं, नमुने लंडनला गेले आणि विल्यम विल्सन साँडर्स यांनी १८४३ मध्ये त्याचं वर्णन छापलं. साँडर्स विमा व्यवसायातले. कीटक हा त्यांचा ध्यास. त्यांनी नाव ठेवलं डेप्रेसारिया गॉसिपिएला.

गॉसिपियम म्हणजे कपाशी. आणि शेवटचं 'एला'? लिनियसनं १७५८ मध्ये पतंगांची वर्गवारी लावताना एक सोय केली होती. अगदी बारक्या पतंगांच्या नावाचा शेवट 'एला' असा करायचा, पानं गुंडाळणाऱ्यांचा 'आना', आणखी एका गटाचा 'आलिस'. म्हणजे नाव ऐकताच किड्याचं चण कळावं. ती घडी पुढं विस्कटली, पण बारक्यांना 'एला' लावायची चाल राहिली. गॉसिपिएला म्हणजे कपाशीची चिमुकली. आमच्या घरावर जिनं एवढं संकट आणलं तिचं शास्त्रीय नाव इतकं लडिवाळ असावं याचं मला अजून नवल वाटतं. पण नाव ठेवणाऱ्यानं पाखरू पाहून ठेवलं होतं, कुजलेलं बोंड पाहून नाही.

डेप्रेसारिया हा वंश मात्र टिकला नाही. ते पोटाकडे चपटे असलेले पतंग, आता त्यांचं कुळच वेगळं मानतात. मग आपलं पाखरू गेलेकिया वंशात गेलं. त्या काळात गेलेकिया म्हणजे गावातल्या धर्मशाळेसारखं होतं, कुठं बसवावं कळलं नाही की तिथं पाठवायचं. पुढं ते प्लॅटिएड्रा वंशात आलं. हा वंश एडवर्ड मेरिक यांनी १८९५ मध्ये उभा केला होता. मेरिक इंग्लंडात शाळामास्तर. शाळा सांभाळून त्यांनी हजारो बारक्या पतंगांची वर्णनं लिहिली आणि त्यातली कितीतरी भारतातल्या पतंगांची, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापलेली. भारतात न येता, टपालानं आलेल्या टाचणीवरच्या पाखरांकडे बघून एक मास्तर आपल्या रानाची जंत्री करत होता, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

तोवर पाखरू जगभर निघालं होतं. सरकी नीट न काढलेल्या कापसातून, सरकीतून. भारतातून ते इजिप्तला पोहोचलं, इजिप्तच्या बियाण्यातून मेक्सिकोला, आणि १९१७ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात सापडलं. त्याच १९१७ मध्ये ऑगस्ट बस्क यांनी त्याच्यावर सविस्तर निबंध छापला. बस्क मूळचे डेन्मार्कचे, अमेरिकेच्या कृषी खात्यात काम करणारे. त्यांनी पाखरू भिंगाखाली घेतलं आणि ते प्लॅटिएड्रात बसत नाही असं ठरवून त्याला नवा वंश दिला, पेक्टिनोफोरा.

पेक्टिनोफोरा म्हणजे फणीधारी. मिशीच्या, म्हणजे शृंगिकेच्या, अगदी मुळाच्या पेरावर पाच-सहा ताठ, लांब, केसांसारखे खवले ओळीनं उभे असतात. फणीच्या दातांसारखे. पुस्तकातून तीस वर्षं तरी जुनंच प्लॅटिएड्रा नाव चालत राहिलं, पण शेवटी फणीचं नाव जिंकलं. आज पूर्ण नाव लिहिताना पेक्टिनोफोरा गॉसिपिएला लिहून पुढं साँडर्सचं नाव कंसात टाकतात. कंसाला अर्थ आहे. वर्णन साँडर्सनं केलं, पण त्यानं ज्या घरात ठेवलं होतं त्या घरात ते आता नाही. सासर बदललं, आडनाव बदललं, पाळण्यातलं नाव तेवढं राहिलं.

या वंशात जगभरात फक्त तीन जाती आहेत. दुसऱ्या दोन ऑस्ट्रेलियाकडच्या. त्यातली स्क्युटिजेरा तिथल्या कपाशीवरही येते, गॉसिपिएलाशी इतकी मिळतीजुळती की १९२६ मध्ये ती वेगळी जात म्हणून ओळखली गेली. नुसत्या पंखांवरून दोघींत भेद करणं अवघड, त्यासाठी पोटाच्या टोकाशी असलेल्या जननेंद्रियांची बारीक चिरफाड करून पाहावी लागते.

पण मला सर्वांत धक्का बसला तो घरातल्या नात्याचा. गेलेकिइडीच्या आत एक छोटा गट आहे, पेक्सिकोपिनी. पेक्टिनोफोरा त्यात बसते. आणि त्याच गटात सिटोट्रोगा सेरिअलेला नावाचं एक पाखरू आहे. ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ज्वारीची जुनी कणगी उघडली की तोंडावर भुरकन उडून येतात ती पेंढ्याच्या रंगाची बारकी पाखरं, तीच ती. तिची अळी ज्वारीच्या एका दाण्यात शिरते, तो एकच दाणा आतून खाते आणि जायच्या आधी दाण्याला एक पातळ खिडकी ठेवते, पाखराला बाहेर पडता यावं म्हणून. सिटोट्रोगा म्हणजे धान्य कुरतडणारी. आजी सुपात ज्वारी पाखडताना पोचट दाणे बाजूला काढायची, त्यातले कितीतरी या खिडकीचे असायचे.

एक दाण्यात राहते, एक सरकीत. दोघींचं वागणं एकाच वळणाचं. बी शोधायचं, त्यात शिरायचं, बाहेरून काही कळू द्यायचं नाही. गुलाबी अळी तर हंगामाच्या शेवटी, दिवस लहान झाले की दोन सरक्या धाग्यानं जोडून त्यांच्या पोकळीत अंग दुमडून झोपते. न खाता, न हलता, महिनोनमहिने. वेचणाऱ्या बायांना त्या जोडसरक्या हाताला लागतात, जिनिंगच्या आवारात त्या सापडतात, उभ्या पऱ्हाटीवरच्या वाळक्या बोंडांत त्या असतात. फरदडीला, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून घेतलेल्या पिकाला, अधिकारी विरोध करतात तो म्हणूनच. पण जानेवारीत झाडावर दोन-चार क्विंटल दिसत असताना पऱ्हाटी उपटून टाका म्हणणं सोपं नाही. बाबा दर वर्षी उपटतात आणि दर वर्षी उपटण्याआधी एक दिवस कुणाशी बोलत नाहीत.

पाखरू निशाचर आहे. दिवसा जमिनीच्या भेगांत, पालापाचोळ्याखाली दडतं. जोडा जमतो तो उत्तररात्री, आपण गाढ झोपेत असताना. मादी एक गंध सोडते आणि नर अंधारातून त्या गंधाच्या मागावर येतात. तो गंध ओळखायला माणसांना बराच वेळ लागला. १९६६ मध्ये एक रसायन सापडलं म्हणून जाहीर झालं, पण वावरात नर त्याच्याकडे फिरकेनात. खरा गंध १९७३ मध्ये उलगडला. तो एका रसायनाचा नव्हताच. एकाच रेणूची दोन रूपं, घडणीत एका वळणाचा फरक असलेली, साधारण समसमान मिसळली तरच नर येतो. त्याला गॉसिप्ल्युअर म्हणतात. आमच्या सापळ्यातल्या रबराच्या गोळीत तोच असतो.

म्हणजे त्या पिशवीत पडलेली सगळी पाखरं नर होती. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते थोडे गप्प झाले. मग म्हणाले, "मंग मादी कुठी हाय?"

मादी वावरातच होती. सापळा तिला पकडण्यासाठी नसतो, तो सांगण्यासाठी असतो. एकरी दोन सापळे लावायचे, आणि सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पाखरं पडू लागली की पाऊल उचलायची वेळ झाली असं मानायचं. त्याच्या आधी फवारा वाया जातो आणि अळी बोंडात शिरल्यावर मारलेलाही वायाच. मधल्या त्या चार-पाच रात्रींची खबर फक्त पाखरू देतं. पण मोजण्याआधी ओळखावं लागतं. त्या पिशवीत चुकून शिरलेले दुसरेही किडे पडतात आणि ओळख नसेल तर आठाचे बारा होतात किंवा आठाचे तीन.

अमेरिकेनं २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या कपाशीतून हा किडा संपल्याचं जाहीर केलं, टेक्सासात सापडल्याला शंभरावर एक वर्ष झालं तेव्हा. बीटी कपाशी, गंध आणि त्याबरोबर कारखान्यात वाढवून वांझ केलेली कोट्यवधी पाखरं आकाशातून सोडून. ती पाखरं रानातल्या पाखरांपासून ओळखू यावीत म्हणून अळी असतानाच त्यांच्या खाद्यात लाल रंग मिसळायचे, चिरडली की आत लाल दिसायची. त्यांच्या मोठमोठ्या सलग रानांची आणि आमच्या पाच-पाच एकरांच्या वावरांची तुलना होत नाही, तिथली कपाशी आमच्या संकरित वाणांइतकी लांब चालतही नाही. पण तिथंही सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा होता, सापळ्यात पडलेलं हे तुसाएवढं पाखरू कुणीतरी रोज हातात घेऊन नीट पाहत होतं.

मागच्या दिवाळीला मी घरी गेले तेव्हा बाबांनी कपाटातून दोन काडेपेट्या काढल्या. एकीवर पेनानं लिहिलं होतं 'वावर', दुसरीवर 'कोठा'. दोन्हींत कापसाच्या बिछान्यावर पाखरं ठेवलेली, झालरही न मोडलेली. बरणीचा उद्योग त्यांनी माझ्या माघारी चालू ठेवला होता, आणि ज्वारीसाठी दुसरी बरणी लावली होती.

"पाय," ते म्हणाले. "कोठ्यातल्याच्या मागच्या पंखाले टोकाशी कसं बोट निंघालं हाय. वावरातल्याचं तसं नाई. तिरपं हाय, पण बोट नाई."

मी भिंगातून पाहिलं. सिटोट्रोगाचा मागचा पंख टोकाशी एकदम निमुळता होऊन बोटासारखा पुढं येतो, पुस्तकात तसंच लिहिलेलं आहे. बाबांनी पुस्तक पाहिलेलं नव्हतं.

मग मी त्यांना फणीबद्दल सांगितलं. मला स्वतःला ती अजून नीट दिसली नव्हती. वावर लिहिलेल्या पेटीतलं एक ताजं पाखरू आम्ही काळ्या कागदावर घेतलं. बाबा ओट्यावर उकिडवे बसले, चष्मा कपाळावर सरकवला, भिंग डोळ्याला आणि डोळा पाखराला चिकटवला. उजेड पुरेना म्हणून आई आतून मोबाइल घेऊन आली आणि त्याचा दिवा धरून वाकून उभी राहिली. तिचा हात हलला की बाबा नुसतं "हं" म्हणायचे.

बराच वेळ गेला. गल्लीत कुणीतरी लवंगी माळ लावली, तरी ते हलले नाहीत.

"दिसली," ते म्हणाले. "मुयापाशीच हाय."

"किती दात आहेत?"

"पाच." आईनं दिवा किंचित जवळ नेला. "थांब. सहा."